घर पुन्हा उभं करायला किती लागतील? विम्याची रक्कम काढण्याची रीत

पुण्याच्या सहकारनगरमधल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "आमचा १९८५ साली बांधलेला बंगला आहे, तळमजला आणि वर एक मजला. प्लॉट ३,००० चौरस फुटांचा, मागच्या बाजूला ओढा. घराचा विमा काढायचा आहे. बँकेच्या मूल्यांकन अहवालात एकूण किंमत ३ कोटी ४० लाख लिहिली आहे आणि त्यात बांधकामाचे म्हणून साधारण १६ लाख दाखवले आहेत. एजंट म्हणतो, २० लाखांचा विमा भरपूर झाला. माझे दीर म्हणतात, घर साडेतीन कोटींचं असेल तर विमाही तेवढ्याचाच हवा. खरा आकडा कोणता धरायचा?"

ताई, तिन्हींपैकी एकही नाही. पण हे आकडे आले कुठून ते आधी पाहू. पुण्यात गेली २६ वर्षं मी घरांची अंदाजपत्रकं आणि मूल्यांकनं करतो आहे, आणि विम्याच्या अर्जात चुकीची रक्कम लिहिली जाते ती बहुतेक वेळा याच तीन वाटांनी.

दिरांचा आकडा प्लॉटसकट आहे. सहकारनगरमध्ये पैसा असतो तो जमिनीत. घर जळलं, पडलं, पुरात गेलं तरी जमीन तुमचीच राहते. साडेतीन कोटींचा विमा काढला तरी नुकसान झाल्यावर कंपनी देणार ते घर बांधायला लागतील तेवढेच. वरचा हप्ता दर वर्षी पाण्यात.

बँकेच्या अहवालातले १६ लाख जास्त फसवे, कारण ते "बांधकामाची किंमत" या नावाने छापलेले असतात. मूल्यमापक आधी आजच्या दराने बांधकामाचा खर्च काढतो आणि मग त्यातून घराच्या वयाचा घसारा वजा करतो. आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी उरणारं मूल्य १० टक्के धरलं, तर ४० वर्षांच्या घराचा घसारा होतो ६० टक्के. म्हणजे ज्या घराला आज ३९ लाख ६० हजार लागतील ते कागदावर १५ लाख ८४ हजारांचं दिसतं. कर्ज देणाऱ्या बँकेला हा आकडा उपयोगाचा आहे, त्यात खोटं काही नाही. पण गवंडी काही तुम्हाला ४० वर्षं जुनी भिंत बांधून देणार नाही. वीट नवी, सिमेंट नवं, मजुरी आजची.

आणि एजंटचे २० लाख? तुमच्या घराचं चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, १,३२० चौरस फूट आहे असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. १,३२० गुणिले १,५०० केले की १९ लाख ८० हजार होतात, तेच हे. आता १,५०० हा दर आला कुठून, ते त्यालाच विचारा. बरेचदा तो मुद्रांक शुल्कासाठी दर वर्षी निघणाऱ्या बाजारमूल्य तक्त्यातून, म्हणजे आपल्या रेडी रेकनरमधून उचललेला असतो, तोही कधीतरी जुन्या वर्षाचा. तो तक्ता शुल्क ठरवायला आहे. तुमच्या बोळात टेम्पो किती आत येतो, हे त्याला माहीत नसतं.

तर विम्याला हवा तो आकडा असा: आज घर पूर्ण पडलं, तर त्याच प्लॉटवर, तेवढंच आणि त्याच दर्जाचं घर पुन्हा उभं करायला आजच्या भावाने किती लागतील. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली, तिच्यात इमारतीची रक्कम याच तत्त्वावर ठरते. चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये घ्यायचं, त्याला बांधकामाच्या चालू दराने गुणायचं, आणि आवार भिंत, गॅरेज, टाक्या यांसारख्या गोष्टींचा खर्च वेगळा मिळवायचा. दर तुम्ही सांगायचा आणि कंपनीने मान्य करायचा.

याच सूत्रात सगळ्यात मोठी चूक लपलेली आहे. तिच्यावर जरा सविस्तर बोलतो.

पुण्यात कुठलाही कॉन्ट्रॅक्टर दर सांगतो तो बांधीव क्षेत्रावर, बोलीत म्हणायचं तर स्लॅबवर. भिंतींची जाडी त्यात मोजलेली असते. विम्याचं सूत्र मागतं चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली जागा. लोक काय करतात, कॉन्ट्रॅक्टरकडून २,४०० चा दर आणतात आणि त्याला चटईक्षेत्राने गुणतात. भिंतीच गळाल्या! तुमच्यासारख्या १९८५ च्या घरात, जिथे भार भिंतींवरच आहे आणि बाहेरच्या भिंती नऊ इंची किंवा त्याहून जाड आहेत, तिथे हा फरक सहज २० टक्क्यांचा असतो. पेठेतला जुना वाडा असेल, दोन-अडीच फुटी भिंतींचा, तर विचारूच नका. वाड्याची आतली खोली बघून त्याचा खर्च काढणं म्हणजे नारळ फोडल्यावर खोबरं मोजून झाडाची उंची सांगणं.

त्यामुळे रीत उलटी ठेवा. आधी बांधीव क्षेत्रावर सगळा खर्च काढा. मग त्याला चटईक्षेत्राने भागा. जो दर येईल तोच अर्जात लिहा.

तुमच्याच घराचं उदाहरण करू. तळमजला बाहेरून बाहेरून मोजला तर ९०० आणि वरचा ७५०, असे मिळून १,६५० चौरस फूट बांधीव. दर मी २,४०० रुपये धरतो, मालासह आणि जीएसटीसह. हा फक्त गणितासाठी धरलेला दर आहे, तुमचा तुम्ही आणायचा आहे. कसा ते पुढे सांगतो. १,६५० गुणिले २,४०० म्हणजे ३९ लाख ६० हजार. पुढचा पोर्च १५० चौरस फूट, त्याला निम्मा दर, १ लाख ८० हजार. आवार भिंत १४० धावते फूट, फुटाला १,८०० प्रमाणे २ लाख ५२ हजार. लोखंडी फाटक ४५ हजार. जमिनीखालची पाण्याची टाकी १ लाख ६० हजार. गच्चीवरचा सोलर बंब ४० हजार. घराबाहेरच्या या गोष्टींची बेरीज झाली ६ लाख ७७ हजार. बघा ताई, अर्जात ज्या रकान्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तिथेच जवळजवळ पावणेसात लाख बसले आहेत.

यावर मी १० टक्के वाढवतो. मोकळ्या प्लॉटवर घर बांधणं वेगळं आणि पडक्या घराच्या जागी बांधणं वेगळं. अर्धवट उभ्या भिंती हाताने उतरवाव्या लागतात, शेजारच्या घराला टेकू द्यावे लागतात, अरुंद गल्लीत मोठा डंपर शिरत नाही म्हणून खडी आणि क्रश सँड छोट्या टेम्पोने दोन-दोन खेपांत आणावी लागते. घराचे झाले ४३ लाख ५६ हजार, बाहेरचे ७ लाख ४४ हजार ७००. एकूण ५१ लाख ७००, आपण ५१ लाख म्हणू.

आता अर्जासाठी दर. ४३,५६,००० ला १,३२० ने भागलं की चटईक्षेत्रावर ३,३०० रुपये चौरस फूट. एका चौरस मीटरमध्ये १०.७६४ चौरस फूट असतात, म्हणजे साधारण ३५,५०० रुपये चौरस मीटर. क्षेत्र १२२.६ चौरस मीटर. कंपनीचा माणूस ३,३०० ऐकून म्हणेल, "एवढा दर कुठे असतो का!" तेव्हा हा हिशोबाचा कागद पुढे करा. कॉन्ट्रॅक्टरचे २,४०० आणि तुमचे ३,३०० हा एकच खर्च आहे, फक्त दुसऱ्यात भिंती आणि अडचणी मोजल्या आहेत, हे कागदावर लगेच दिसतं.

दर आणायचा कसा? तुमच्या भागात गेल्या वर्षभरात बंगला किंवा छोटी इमारत पूर्ण केलेले दोन कॉन्ट्रॅक्टर गाठा. "काय रेट चाललाय?" असं मोघम विचारलंत तर उत्तरही मोघमच मिळेल. लेबर रेट की मालासह, फरशी कितीची धरली, दरवाजे सागवानी चौकटीचे की ग्रॅनाइटच्या चौकटीचे, खिडक्या कसल्या, नळकाम आणि वायरिंग आत आहे की बाहेर, हे एकेक करून विचारा. आणि जीएसटी! मालासह ठेका दिला तर १८ टक्के लागतात. स्वतंत्र एका घरासाठी नुसत्या मजुरीचा ठेका दिला तर त्या मजुरीवर जीएसटी नाही, पण मग माल तुम्ही विकत घ्याल तेव्हा त्यावर भरावाच लागतो. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून त्याआधीचं कोटेशन कुणी दाखवलं तर ते तसंच्या तसं धरू नका.

इथे लोक एक वाद हमखास घालतात: "पाया तर जमिनीत राहीलच की, मग त्याचे पैसे वजा करा." करू नका. तुमच्या घराचा पाया भिंतीखालून सलग गेलेला आहे. आज कुणीही चांगला स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्हाला आरसीसी कॉलम-बीमचं भूकंपरोधक घरच बांधायला सांगेल. कॉलमचा भार एका जागी येतो, त्याला स्वतःचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा वेगळा पाया लागतो. जुना पाया बऱ्याचदा उपयोगी तर पडत नाहीच, उलट तो खणून काढायचा खर्च वाढतो. शिवाय तुम्ही ओढ्याकाठी आहात. पर्वतीच्या अंगाला चार फुटांवर कातळ लागतो, पण ओढ्याच्या बाजूला भराव असतो आणि तिथे किती खोल जावं लागेल ते खणल्यावरच कळतं. मांजरी-हडपसरकडे ज्यांची घरं काळ्या मातीत आहेत त्यांनाही हेच लागू आहे.

ओढ्यावरून एक घर डोळ्यांपुढे येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. त्यानंतर चार दिवसांनी मी अरण्येश्वरच्या बाजूच्या एका घरी मापं घ्यायला गेलो होतो. घर उभं होतं. आत कमरेपर्यंत गाळाची रेघ, देवघराच्या खालच्या फळीवर चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. पण मागच्या दाराने बाहेर पाऊल टाकलं आणि पुढे जमीनच नव्हती. काळ्या दगडाची मागची भिंत आख्खी ओढ्यात गेली होती, आणि तिच्यामागचं अंगण अर्ध्यावर तुटून लोंबत होतं. घरातले आजोबा म्हणाले, "अहो, पुढून ती चारच फूट दिसायची." पुढून चार फूट, पण ओढ्यातून वर बघितलं तर नऊ फूट. लांबी ६२ फूट, सरासरी रुंदी अडीच फूट. मी टेपने उरलेल्या टोकांवरून माप काढलं: १,३९५ घनफूट, म्हणजे जवळजवळ १४ ब्रास दगडी बांधकाम. पॉलिसीच्या कागदावर फक्त खोल्यांचं क्षेत्र होतं. भिंतीचा कुठे उल्लेखच नव्हता, आणि त्या वेळच्या पॉलिसीत जे लिहिलं नाही ते धरलं गेलं नाही. घरातल्या नुकसानीचे पैसे आले. मातीला धरून ठेवणारी ती भिंत मात्र त्यांना स्वतःच्या खिशातून बांधावी लागली, तीही आरसीसीची, कारण तिच्याशिवाय पुढचं घरच धोक्यात होतं. माझ्या उदाहरणात मी साधी आवार भिंत धरली आहे. तुमच्या मागची भिंत जर अशीच मातीचा दाब झेलणारी असेल, तर फुटाला १,८०० हा दर विसरा. तिचं वेगळं अंदाजपत्रक करून घ्या.

त्या जुन्या पॉलिसीत आणखी एक जाच होता. रक्कम कमी लिहिली असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापायचे. गरज ५० लाखांची, विमा २५ लाखांचा, नुकसान १० लाखांचं, तर हातात ५ लाख. 'भारत गृह रक्षा'मध्ये अशी कापाकापी नाही. नुकसान जेवढं तेवढं, विम्याच्या रकमेच्या मर्यादेत. चांगली गोष्ट आहे. पण यामुळेच एजंट मंडळी "कमी लिहिलं तरी चालतं" असं सांगायला लागली आहेत. स्वयंपाकघर जळालं तर चालेल. घर पूर्ण गेलं तर २० लाखांच्या पॉलिसीतून २० लाखच मिळणार, आणि २० लाखांत आज तुमचा तळमजलादेखील पूर्ण होणार नाही. आणि कृपा करून क्षेत्र कमी लिहून हप्ता वाचवू नका. दर हा अंदाज असतो, क्षेत्र टेपने मोजता येतं. ते चुकीचं सापडलं तर दाव्याच्या वेळी तुमच्या बाकी सगळ्या बोलण्यावर संशय येतो.

राडारोड्याबद्दल सांगायलाच हवं. पॉलिसीत तो उचलायचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सर्व्हेअर यांची फी ५ टक्क्यांपर्यंत. ५१ लाखांवर २ टक्के म्हणजे १ लाख २ हजार. तुमच्या घराएवढं भिंतींवर उभं असलेलं घर पडलं की साधारण ५० ब्रास राडारोडा निघतो. तो भरायचा, वाहायचा आणि महापालिकेने ठरवलेल्या जागीच टाकायचा, नदीपात्रात नाही. एवढ्या रकमेत हे सगळं बसत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव. वरच्या १० टक्क्यांमागे हेही एक कारण आहे. सध्याचं घर राहण्याजोगं उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याची तरतूदही या पॉलिसीत आहे. त्याची मर्यादा तुमच्या कागदावर नीट वाचा, कारण नकाशा मंजुरीपासून रंगापर्यंत दीड वर्ष सहज जातं.

महागाईचं थोडं बरं आहे. अनेक वर्षांची पॉलिसी घेतली तर इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, वेगळा हप्ता न भरता. एका वर्षाच्या पॉलिसीत ही वाढ दिवसागणिक होते. मात्र वर्ष संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी लोक गेल्या वर्षीचा सुरुवातीचा आकडाच पुन्हा लिहितात आणि मिळालेली वाढ घालवून बसतात. दर नूतनीकरणाला कॉन्ट्रॅक्टरला एक फोन करून चालू दर विचारा.

सामानाचं वेगळं गणित करत बसू नका. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सर्वसाधारण सामान आपोआप धरलं जातं. तुमच्या बाबतीत ते १० लाखांवर थांबेल. त्याहून जास्त सामान असेल तर यादी द्या. दागिने आणि मौल्यवान वस्तूंचं संरक्षण त्यात येत नाही, ते वेगळं मागून घ्यावं लागतं. भिंतीला पक्कं केलेलं मॉड्युलर किचन इमारतीत धरणार की सामानात, हे मात्र कंपनीकडून लेखी घ्या. तीन-चार लाखांची गोष्ट आहे ती.

फ्लॅटवाल्यांना एवढंच: सोसायटीने आख्ख्या इमारतीचा विमा काढला आहे का, आणि कितीचा, ते आधी सेक्रेटरींना विचारा. नसेल तर तुमच्या चटईक्षेत्राच्या दरात लिफ्ट, जिना, पाया, पार्किंग यांचा वाटा मिळवायला विसरू नका.

ताई, तुमच्या बाबतीत आणखी एक काम पॉलिसी घ्यायच्या आधीच करा. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमचा प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते महापालिकेत नकाशावर पाहून घ्या, आणि एखाद्या आर्किटेक्टकडून हेही समजून घ्या की आजच्या नियमांत, बाजूच्या अंतरासाठी आणि रस्तारुंदीसाठी जागा सोडल्यावर, तुम्हाला आहे तेवढं घर पुन्हा बांधू देतील का. नव्या नियमांमुळे वाढणारा खर्च विम्यातून मिळेल असं गृहीत धरू नका. कंपनीला पत्र लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कागदांमध्ये मंजूर नकाशा, मिळकत कराची पावती आणि मी वर केला तसा हिशोब, तारीख घालून. घराचे फोटो काढा: प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, मीटरची पेटी, गच्ची, टाकी. शहाबादी फरशी आहे की इटालियन मार्बल, यावर पुढे दोन-तीन लाखांचा वाद होतो आणि तो फोटोने मिटतो. हे सगळं फोनमध्ये नुसतं ठेवू नका, मुलीला किंवा भावाला पाठवून ठेवा. अरण्येश्वरच्या त्या घरात पॉलिसीचा कागद लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. आम्ही तो उन्हात वाळवून, एकेक पान सोडवून वाचला.

मापं घ्यायला लागाल तेव्हा सुरुवात मागच्या भिंतीपासून करा. उंची ओढ्याच्या बाजूने, खालून वर मोजा, आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणालातरी सोबत घ्या. पावसाळ्यात उतरू नका, दिवाळीनंतर पाणी कमी झाल्यावर जा. लांबी, उंची आणि वरची रुंदी, एवढी तीन मापं कळवलीत तर त्या भिंतीचा खर्च मी मांडून देईन.